ट्रॅक्टरवर चाललेले तीनशे शहाऐंशी

येळवशीच्या दिवशी माझे मेव्हणे राजशेखर यांच्या लॅपटॉपवर आंबील सांडली आणि केवळ त्यामुळे मी शर्यत जिंकलो, ही हकिकत लातुरात इतकी वर्षे सांगितली जात आहे की आता तिला कोणी पुरावाही मागत नाही. लग्नात, बारशात, एकदा तर एका मयताच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. सांगणारा दर वेळी आंबिलीचे प्रमाण वाढवतो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा शिंतोडा होता, मग ओंजळ झाली, आणि आता अख्खे बिंदगे, म्हणजे आंबिलीची घागरच, उपडे होते. आमच्या नांदेडच्या घरची आवृत्ती याहून बरी आहे असेही नाही. माझी आई अखेरपर्यंत सांगत असे की आपले यंत्र त्यांच्या यंत्रापेक्षा मोठे होते, म्हणून जिंकले. ते मोठे होते यात वाद नाही, वजनाने होते. तेव्हा ज्याच्या मांडीवर ते यंत्र प्रत्यक्ष होते, त्याने एकदा सविस्तर लिहून ठेवावे, इतकाच या प्रकरणाचा हेतू आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी आपापली आत्मचरित्रे लिहावीत.

आमचे घर मूळचे देगलूरचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापडाचे दुकान नांदेडला आणले तेव्हा तेलुगू, कन्नड आणि उर्दू यांची सरमिसळही गाठोड्यात बांधून आणली. दुकानात ते एकाच गिऱ्हाइकाशी तीन भाषांत भाव करीत आणि घरी आल्यावर एकाही भाषेत बोलत नसत. घर लांबोडके होते, आगगाडीच्या डब्यासारखे एकापुढे एक खोल्या. मागे स्वयंपाकघर, मध्ये कापडाचे तागे, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझा संगणक वर्ग. पहाटे गुरुद्वाऱ्यातून कीर्तनाचे सूर यायचे, त्यांच्यावर आईच्या जात्याची घरघर, त्या घरघरीवर अण्णांचे खाकरणे, आणि साडेसातच्या सुमारास पुढच्या खोलीतल्या दोन संगणकांची बीप. आईच्या मते या सर्वांत ती बीप सर्वांत शुभ होती. त्या काळी संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढण्याचा प्रघात होता. धूळ जाऊ नये हे त्याचे कारण. आईला मात्र कारण पटवण्याची गरजच पडली नाही. जिथे चपला काढायच्या तिथे देव असणार, म्हणून ती त्या उंबऱ्यावर रोज रांगोळी घाली आणि शिकायला आलेल्या पोरांना ताक पाजल्याशिवाय आत सोडत नसे. देवापुढे पोराने उपाशी कसे बसावे?

या दोन संगणकांपेक्षा माझा खरा अभिमान कपाटात होता. माझा मामा पाटबंधाऱ्यांच्या सर्वेक्षणाच्या कामावर रानोमाळ फिरे, आणि त्याने नवे यंत्र घेतल्यावर जुना लॅपटॉप मला दिला. करड्या रंगाचा, पाटासारखा जाड, झाकण उघडताच निळसर पडद्यावर अक्षरे उमटवणारा. आत तीनशे शहाऐंशी जातीचा प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू, आणि तेव्हा त्या मेंदूची प्रत्येक पिढी आकड्याने ओळखली जाई: दोनशे शहाऐंशी, मग तीनशे शहाऐंशी, मग चारशे शहाऐंशी. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीला अडाणी ठरवी, जशी घरोघरी ठरवते. मामाने यंत्राबरोबर एक काळी वायर दिली होती. तिच्या टोकांना दोन चिमटे होते. रानात वीज नसे, तेव्हा मामा ते चिमटे जीपच्या बॅटरीला लावून काम करी. ही वायर वाचकांनी ध्यानात ठेवावी. लातूरची मंडळी सांगताना ती सोयीस्करपणे विसरतात किंवा, त्याहून वाईट, मी ती मुद्दाम कट रचून नेली असे सांगतात. मी ती कट रचून नेली नाही. ती पिशवीच्या कप्प्यात असायची, इतकेच. पिशवीचा कप्पा रिकामा करून सोयरिकीला जाण्याची रीत आमच्याकडे नाही.

सोयरिकीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. लातूरच्या एका व्यापारी घराण्यातील मुलीचे स्थळ आले. नाव महानंदा. तंत्रनिकेतनात संगणक शिकलेली. मुलीने संगणक शिकावा याचेच त्या काळी लोकांना अप्रूप, आणि मला तर एवढ्या माहितीवरच झोप लागेना. घरचे कर्ते तिचे आजोबा, सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांना मी पसंत होतो, कारण अण्णांनी त्यांना कधी काळी विकलेले धोतर अजून विरले नव्हते. अडचण होती ती थोरला भाऊ राजशेखर याची. तो बंगळुराला नोकरीला, सुटीत घरी आलेला, आणि आप्पांनी सांगून टाकले होते की शिकलेला तोच, तेव्हा पोराची पारख तोच करील; तो नाही म्हणाला तर नाही.

आम्ही एसटीने निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. आईने लॅपटॉप वाकळीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने वाकळीकडे पाहून विचारले, "मावशी, लेकराला हाफ तिकीट लागंल बगा." आई म्हणाली, "लेकरू न्हाई ते. गणित करतंय." कंडक्टर पुढे सरकला आणि परतून आमच्याकडे आला नाही.

लातूरच्या त्या घरात आम्हाला सुशीला खायला मिळाली. मुरमुरे भिजवून फोडणीला दिलेली, वर शेंगदाण्याचा कूट, खोबरे, आणि कांदा असा चिरलेला की तो दाताला नव्हे, जिभेला लागावा. ती महानंदेने केली होती असे सांगण्यात आले. पुढे मला कळले की ती काकूने केली होती. परंतु त्या दिवशी मी तिची स्तुती इतकी केली की आजही मला दर रविवारी काकूच्याच हातची चव आठवते, आणि ते घरात बोलून दाखवण्याची सोय नाही. असो. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला प्रश्न विचारण्याची चाल. इथे ती खुर्चीत शांत बसली होती आणि प्रश्न मला विचारले जात होते.

"क्लॉक किती?" राजशेखरने विचारले.

मी यंत्राचा वेग सांगितला.

"कॅश?"

अण्णांनी कान टवकारले. राजशेखरला प्रोसेसरजवळची जलद स्मृती विचारायची होती; अण्णांना वाटले, हुंड्याचा विषय निघाला. "आमचं काहीच मागणं न्हाई," ते घाईघाईने म्हणाले. तीन भाषांच्या माणसाचे त्या दिवशीचे हे एकमेव वाक्य.

राजशेखरने मग आपला लॅपटॉप आणून टिपॉयवर ठेवला. माझ्या यंत्राच्या निम्म्या जाडीचा, चारशे शहाऐंशीचा, चामड्याच्या पिशवीतला. गणिताची जादा चिप दोघांतही नव्हती, हे त्याने स्वतः सांगितले; म्हणजे सामना पिढी विरुद्ध पिढी असा सरळ होता. माझ्याजवळ फ्लॉपीवर मी स्वतः लिहिलेला एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, होता. सूर्य आणि चंद्र यांच्या गतीवरून येत्या शंभर वर्षांतली मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे येळवस, कोणत्या दिवशी पडेल ते शोधून काढणारा. लातूरच्या मंडळींना संगणकाकडून दुसरे काय हवे असणार, असा विचार करून मी तो लिहिला होता. त्या विचारात चूक नव्हती: आप्पा खुर्चीसकट पुढे सरकले. फ्लॉपीवरचा कार्यक्रम दोन्ही यंत्रांत उतरवला, दोन्ही यंत्रांच्या पिना भिंतीतल्या सॉकेटात खोचल्या. दोघांनी एकदमच बटण दाबले.

माझा पराभव मी लपवीत नाही. तो लपवण्याची मला कधी गरज भासली नाही, कारण पुढचे प्रकरण माहीत आहे. त्याच्या पडद्यावर शंभरावी येळवस उमटली तेव्हा माझे यंत्र निम्म्या शतकातही पोचले नव्हते. राजशेखरने हात झाडले. "नांदेड अजून रस्त्यातच हाय," तो म्हणाला. "आप्पा, पोरगा चांगला आहे, पण मागच्या पिढीवर चाललाय. भाऊजी म्हणायची घाई नको."

खोलीत हशा झाला. आईने वाकळ घट्ट धरली. तेवढ्यात महानंदा उठली, दोन्ही पडद्यांसमोर वाकली, आणि माझे यंत्र शेवटच्या ओळीवर येईपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने दोन्ही शेवटच्या ओळी बोट ठेवून ताडून पाहिल्या. त्या दिवशी तिने उच्चारलेले पहिले वाक्य मला जसेच्या तसे आठवते.

"दादा, दोघांचं उत्तर एकच हाय की. मग घाई कुणाला?"

राजशेखरने आपला लॅपटॉप पिशवीत घातला. नकार मात्र त्याने कायम ठेवला. आम्ही निघालो. दारात आप्पांनी अण्णांचा हात धरला. "सोयरीक हू न्हाई तर न हू. पण परवा येळवस हाय. मुक्कामाला ऱ्हावा आन् रानात जेवायला या. येळवशीला वाटंवरच्या माणसालाबी हाक मारतोत आमी, तुमी तर घरात येऊन सुशीला खाल्लेले."

ज्यांनी लातूरची येळवस पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही, तरी सांगतो. त्या दिवशी शहर ओस पडते. दुकानांना कुलपे, गल्लीत कुत्रेसुद्धा नाही, कारण तेही कुणाच्या तरी गाडीमागून रानात गेलेले असते. ज्वारी कमरेएवढी, हरभरा घाट्यांनी भरलेला. रानाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यावर शाल पांघरतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून पूजा करतात. बायका डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन येतात. मग भज्जी. या भज्जीला तेलातली भजी समजणाऱ्याने आमच्याकडे जेवायला येऊ नये. ती सगळ्या कोवळ्या शेंगा, पाले आणि ताक-बेसन यांची घट्ट शिजवलेली, चमच्याने नव्हे तर बाजरीच्या उंड्याने, म्हणजे उकडलेल्या गोळ्याने, खायची वस्तू आहे. वर गव्हाची खीर, तिळाची पोळी, वांग्याचे भरीत, आणि पोटात जागा नाही असे म्हणणाऱ्याला पुन्हा भज्जी. हे लिहितानाही मला भूक लागली आहे. डॉक्टरांनी ज्या ज्या गोष्टी बंद केल्या आहेत त्या सगळ्या त्या दिवशी एका पत्रावळीवर होत्या.

राजशेखर आपला लॅपटॉप रानात घेऊन आला होता. कशासाठी? पाहुण्यांना दाखवायला. ही गोष्ट तो आता नाकारतो, पण ज्वारीच्या रानात दुसऱ्या कोणत्या कामासाठी माणूस चारशे शहाऐंशी नेतो हे त्याने एकदा सांगावे. शेजारच्या रानांतली माणसे जमली होती. येळवशीला सगळे सगळ्यांच्या रानात हिंडतात. त्यांच्यापुढे त्याने परवाच्या विजयाची कहाणी सुरू केली. मी उंडा खाली ठेवला.

"पुन्हा होऊन जाऊ द्या," मी म्हणालो.

"कामून? परवा मन भरलं न्हाई?"

"भरलं न्हाई."

"आरं लाव की राजा," आप्पा म्हणाले, "लोक बगायलेत."

लोकांसमोर राजशेखरचा आवाज नेहमी एक पट्टी वर जातो. त्याने हात वर करून सांगितले, "ह्यांचं यंत्र माझ्या आधी थांबलं, तर मी स्वतः ह्यांना हळद लावतो आन् भाऊजी म्हणतो. इथंच. ह्या कोपीसमोर." हे शब्द त्याचे आहेत. मी ते त्याच्या तोंडी घातलेले नाहीत. आप्पांनी लगेच कोपीला हात जोडून ते देवाच्या कानावर घातले, त्यामुळे परत घेण्याची वाट बंद झाली. परतीची वाट मलाही उरली नाही. कारण एवढ्या सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा हरलो, तर महानंदेचे नाव पुन्हा माझ्या घरात निघणार नव्हते.

उन्हात पडदा दिसेना, म्हणून दोन्ही यंत्रे कोपीच्या सावलीत, पांडवांच्या शेजारी मांडली. माझे यंत्र सुरू झाले, एक शिट्टी वाजली आणि ते मेले. त्याची बॅटरी म्हातारी होती. घरी ती भिंतीच्या आधाराने उभी राही, रानात भिंत नव्हती. मोटारीच्या खोलीतली वीज सकाळपासूनच गेलेली. लोक हसले. राजशेखर तर इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि त्याच्या बहिणीनेच त्याला पाणी दिले. आप्पा मात्र हसले नाहीत. ते माझ्या यंत्राजवळ उकिडवे बसले.

"ह्यात बॅटरी असती म्हंजे आपल्या ट्रॅक्टरला असती तसलीच का?"

"तसलीच, आप्पा. पण बारकी."

"किती व्होल्टाची लागती तुला?"

"बारा."

"ट्रॅक्टरचीबी बाराचीच हाय."

मी पिशवीच्या कप्प्यात हात घातला. मामाची काळी वायर हाताला लागली आणि मला, खोटे सांगत नाही, उभ्या ज्वारीत नाचावेसे वाटले. कल्पना आप्पांची, वायर मामाची, यंत्र माझे: या तिन्हींचा योग रानात जुळून आला. याला जे कट म्हणतात त्यांनी आधी आप्पांना कटवाले म्हणावे, आणि मग लातुरात राहून दाखवावे.

ट्रॅक्टर बांधावरून कोपीशी आणण्यात आला. चिमटे लागले. बॅटरी उतरू नये म्हणून आप्पांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितले, त्यामुळे फटफटाटाने कोप थरथरू लागली, पांडव डुलू लागले, धुराने अण्णांना ठसका लागला, आणि आई माझ्या यंत्रावरून भाकरीचा तुकडा ओवाळू लागली. यंत्र उठले. निळसर पडदा उजळला. त्याच वेळी महानंदा आंबिलीचे बिंदगे घेऊन कोपीत आली. बिंदगे खाली ठेवताना ती राजशेखरच्या यंत्रासमोर क्षणभर थांबली, तिने पडद्याखालच्या बारीक दिव्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि बाहेर जाऊन हरभऱ्याचे घाटे सोलत बसली. मी ते पाहिले होते. ध्यानात मात्र घेतले नाही. त्या वयात मुलीने आपल्याकडे पाहिले एवढेच ध्यानात राहते.

पिकावर आंबील शिंपडायला आप्पांनी तिच्यात पळसाच्या पानांचा झुबका बुडवला आणि "ओलगे ओलगे" अशी येळवशीची आरोळी ठोकली. आम्ही बटणे दाबली.

आता जे घडले ते मी सावकाश लिहितो, कारण ते भराभर घडले. माझ्या पडद्यावर वर्षे धावू लागली. राजशेखरच्या पडद्यावर ती चालू लागली. पहिल्या दहा-बारा येळवशींपर्यंत त्याला वाटले, आपल्याला भास होतो आहे. मग त्याने यंत्राला हलके थोपटले, मग जोरात. लोकांनी कोपीला वेढा घातला आणि शंकरपटात बैलांना द्यावी तशी आरोळी उठली. "नांदेडवाला पुढं! तीनशेचा पुढं!" कोणी वर्ष मोठ्याने वाचू लागला. "ह्या येळवशीला माझं लेकरू कितीचं?" एका बाईने विचारले, दुसरीने बोटांवर मोजून सांगितले, "तुझ्या लेकराचं लेकरू लगनाचं हुईल." हशा झाला. वर्षे पुढे धावत होती आणि माणसे आपापली नातवंडे, पतवंडे त्यांत बसवीत होती. पडद्यावर आणखी एक ओळ आली तेव्हा आप्पा पानांचा झुबका हातात धरून वाकले आणि खदखदून हसले. "ह्या येळवशीला आपुन न्हाई रं. पण कोप असंल. आंबील असंल." आणि त्या आनंदात त्यांनी झुबका जोरात झटकला.

हाच तो सुप्रसिद्ध शिंतोडा. तो राजशेखरच्या कळांवर उडाला, हे मी मान्य करतो. तो माझ्याही कळांवर उडाला. माझ्या चष्म्यावर, अण्णांच्या टोपीवर आणि पाचही पांडवांवर उडाला. आणि तो उडाला तेव्हा माझे यंत्र त्याच्यापेक्षा पुष्कळ येळवशी पुढे होते. ज्यांना शंका आहे त्यांनी त्या दिवशी वर्षे मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला विचारावे. तो आता निलंग्याला राहतो आणि त्याचा आवाज अजून तसाच आहे. शंभरावी येळवस उमटली आणि माझे यंत्र थांबले. राजशेखरचे यंत्र साठीतच रेंगाळत होते. आज तोही साठीत आहे आणि, माझ्या मते, तसाच.

"हे चालत न्हाई! ट्रॅक्टर लावला ह्यानं!" तो ओरडला.

"तू बंगळुराहून शिकून आलास," आप्पा शांतपणे म्हणाले, "तुला ट्रॅक्टर दिसला न्हाई व्हय? सकाळधरनं हितंच उभा हाय."

"आप्पा, ट्रॅक्टरच्या जोरावर..."

"बैलाच्या जोरावर का ट्रॅक्टरच्या, रान नांगरलं का न्हाई ते बगतेत. हळद आन."

पूजेच्या ताटातली हळद त्याने उचलली आणि इतक्या रागाने मला लावली की ती कपाळावरून कानात गेली. "भाऊजी," तो दातांतून म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. ट्रॅक्टर बंद करायचे भान कुणालाच नव्हते. अण्णांनी कुणालाही न विचारता तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेतली आणि ते आप्पांशी कन्नडमध्ये बोलू लागले. इतके बोलू लागले की आईने मला कानात विचारले, "ह्यांना काय झालं?" मी हसत सुटलो. हळदीने माखलेला, आंबिलीने भिजलेला, डिझेलच्या धुराने काळवंडलेला मी त्या उभ्या ज्वारीत वेड्यासारखा हसत होतो, आणि पलीकडे घाटे सोलत बसलेली एक मुलगी मान खाली घालून हसत होती. त्यानंतर आयुष्यात बऱ्याच गोष्टी मिळाल्या. इतके हलके मात्र पुन्हा वाटले नाही.

चारशे शहाऐंशी तीनशे शहाऐंशीपुढे का हरला, याचा उलगडा लग्नानंतर झाला. राजशेखरनेच तो केला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. नव्या पिढीची ती यंत्रे शहाणी होती. भिंतीची वीज तुटून स्वतःच्या बॅटरीवर आली की ती पुरवून वापरावी म्हणून आपला वेग आपणच कमी करीत. माझे यंत्र तेवढे शहाणे नव्हते. त्याला चिमट्यांतून वीज येत होती. ती भिंतीतून येते की ट्रॅक्टरमधून, याची चौकशी त्याने केली नाही. ते आपल्या पूर्ण ताकदीने धावले. राजशेखर म्हणतो, हा न्याय नव्हे. मी म्हणतो, त्याने भिंत रानात आणायची होती. हा वाद आम्ही दोघांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालवला: आकड्यांच्या पिढ्या जाऊन नावांच्या आल्या, मग नावांपुढे पुन्हा आकडे आले. माझ्या मुलीचा आजचा लॅपटॉप त्या शंभर येळवशी पापणी लवायच्या आत मोजतो आणि मग काय करू म्हणून वाट पाहतो. मी एकदा तिच्यासमोर तो चालवून पाहिला. ती म्हणाली, "बाबा, झालं पण." मला फार वाईट वाटले. ओरडायला वेळच मिळाला नाही.

गेल्या येळवशीला आम्ही सगळे पुन्हा त्याच रानात होतो. आप्पा नाहीत, त्यांनी हसत दाखवलेली ती ओळ कधीच मागे पडली. कोप होती, आंबील होती, आणि पडद्यावर त्या दिवशी उमटलेला वारही अगदी बरोबर आला होता. राजशेखरच्या मुलाची नवी सासुरवाडी आली होती आणि राजशेखर त्यांना आंबिलीची हकिकत सांगत होता. बिंदगे उपडे होण्यापर्यंत तो पोचला, तेव्हा मी उठलो. पत्रावळ बाजूला सारली. घसा साफ केला. माझे संपूर्ण खंडन तयार होते.

"बसा हो," भज्जी वाढत असलेली महानंदा म्हणाली. "तुमचं दोघांचंबी चुकतंय. आंबील न्हाई आन् ट्रॅक्टरबी न्हाई."

राजशेखर थांबला. मीही थांबलो.

"दादाच्या मशिनीवर बारका दिवा होता. घरी हिरवा असायचा. कोपीत बघितला तर नारिंगी. बॅटरीवर असलं की नारिंगी. दोन कळा एकदम दाबल्या की पुन्हा हिरवा व्हायचा, मशीन पूर्ण जोरानं पळायची. दादानंच शिकवलं होतं मला, दिवाळीच्या सुटीत. त्या दिवशी लोकांपुढं सोताच इसरला."

"तुला माहीत होतं?" राजशेखरचा आवाज पट्टी सोडून गेला. "अगं, सांगितलं का न्हाईस? दोन कळा! तू तर म्हणायचीस, उत्तर एकच हाय, घाई कुणाला!"

तिने डाव खाली ठेवला. पदराने कपाळ पुसले. पाहुणे बघत होते, मी बघत होतो, आणि तिने माझ्याकडे अगदी तशीच एकदा नजर टाकली जशी बिंदगे ठेवताना टाकली होती.

"त्या दिवशी मला होती," ती म्हणाली, आणि माझ्या पत्रावळीवर न विचारता भज्जी वाढली.

इतरांच्या सर्व हकिकतींवर माझी हरकत आहे, ती मी वर नोंदवली आहे. या एकीवर नाही.